हौदावरचे हट्टी डाग: आधी ओळखा, मग घासा

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की रायपूरच्या मराठी घरांमधून पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. नागपूर-अमरावतीहून नणंदा, जावा, भाचे-पुतणे येतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या घरात गेलेला असतो. अशा वेळी परसात बांधलेला पोहण्याचा छोटासा हौद म्हणजे मुलांचा जीव की प्राण! हौद घासूनपुसून बोअरच्या पाण्याने भरला जातो. पाणी अगदी निर्मळ दिसते. संध्याकाळी जंतू मरावेत म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि सकाळी उठून बघावे, तो पाण्याला चहाचा रंग! चार-आठ दिवसांत पाणी निवळते खरे, पण तळाला आणि भिंतींना तांबूस-तपकिरी डाग धरलेले असतात.

मग सुरू होते डागांशी लढाई. आणखी ब्लीचिंग पावडर टाकावी, तर डाग जास्तच गडद होतात. तारेच्या घासणीने घासावे, तर दोन दिवसांनी तिथेच नवे ठिपके उमटतात. शेवटी वैतागून ॲसिडची बाटली आणली जाते किंवा 'सगळे पाणी उपसून टाका' असा हुकूम सुटतो. ऐन उन्हाळ्यात वीस-बावीस हजार लिटर पाणी उपसून पुन्हा भरणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. शिवाय नवे पाणीही त्याच बोअरचे असते, म्हणजे डाग पुन्हा येणारच. आणि ॲसिडशी ब्लीचिंग पावडरची गाठ पडली, तर डाग राहतो बाजूला, माणसाच्या जिवावर बेतते.

कपड्यावर हळद सांडली, तर आपण एक उपाय करतो, तेल सांडले तर दुसरा आणि शाई सांडली तर तिसरा. मग हौदाच्या सगळ्या डागांना एकच औषध कसे चालेल?

भनपुरीत डाग कुठून येतात?

भनपुरी ही रायपूरच्या उत्तरेची, बिलासपूर रस्त्यावरची औद्योगिक वसाहत. इथल्या घरांच्या हौदात डाग दोन वाटांनी येतात. एक वाट जमिनीतून आणि दुसरी आकाशातून.

रायपूरच्या पोटात चुनखडक आहे. तिल्दा, बलौदा बाजार या भागांत सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच खडकामुळे. त्यातून झिरपलेले पाणी आपल्याबरोबर चुना विरघळवून आणते. असे जड पाणी आटले, की मागे पांढरा थर उरतो. बोअरच्या पाण्यात कधी लोखंडही असते. ते खडकातून येते, तसेच गंजलेल्या केसिंग पाइपमधून किंवा जुन्या लोखंडी नळातूनही येते. गंमत म्हणजे हे लोखंड पाण्यात विरघळलेले असते, तोवर डोळ्यांना दिसत नाही. हवा लागली किंवा क्लोरीन मिळाले, की त्याचा गंज होतो, पाणी तांबूस दिसते आणि तो गंज खाली बसतो. म्हणूनच ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्याचा चहा होतो. पावडर खराब नसते. पाण्यात दडलेले लोखंड तिने फक्त उघडे पाडलेले असते.

दुसरी वाट आकाशाची. भनपुरी, उरला, सिलतरा या पट्ट्यात रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. गच्चीवर, अंगणात आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ इथल्या गृहिणींना नवी नाही. या धुळीत कोळशाबरोबर लोखंडाचे बारीक कणही असतात. हौद उघडा असेल, तर ते तळाशी जाऊन बसतात आणि जिथे बसतात तिथेच गंजतात.

डागाचा रंग आणि जागा पाहा

वैद्य जसा नाडी धरण्यापूर्वी रोग्याचा चेहरा पाहतो, तसा आधी डाग नीट न्याहाळावा.

तांबूस किंवा तपकिरी छटा सगळीकडे सारखी पसरली असेल, तर लोखंड पाण्यातून आले आहे असे समजावे. मोहरीएवढे सुटे ठिपके असतील आणि ते उघड्या बाजूला जास्त असतील, तर धुळीचा संशय घ्यावा. एखादाच गोल किंवा लांबट डाग असेल, तर मुलींच्या केसांची पिन, सेफ्टी पिन किंवा खिळा तिथे पडून राहिला असण्याची शक्यता असते. शिडीच्या स्क्रूखाली ओघळ दिसला, तर तो स्क्रूच बदलायला हवा.

एकाच जागी डाग पुन्हा पुन्हा येत असेल, तिथला गिलावा फुगला किंवा तडकला असेल, तर मात्र आतली लोखंडी सळई गंजली आहे, असे समजावे. तिथे कोणतेही औषध चालणार नाही. अनुभवी गवंड्याला बोलावून तेवढा भाग फोडून दुरुस्त करून घेणे हाच उपाय.

पाण्याच्या रेघेला पांढरा, खरखरीत पट्टा दिसला, तर तो चुन्याचा. तिथेच काळपट, चिकट पट्टा असेल, तर तो केसांच्या तेलाचा आणि अंगाच्या मळाचा. निळसर-हिरवट छटा तांब्याची असते. जांभळट-काळी छटा बहुधा मँगनीजची, आणि हा धातू अनेकदा लोखंडाच्याच जोडीने पाण्यात येतो. पानाच्या आकाराचा तपकिरी-हिरवा ठसा तर स्वतःच आपली ओळख सांगतो. काळे, किंचित उंच, ब्रशने घासल्यावर बुळबुळीत लागणारे ठिपके शेवाळाचे असतात.

घरच्या घरी पाच परीक्षा

नजरेने अंदाज बांधला, की पुढच्या साध्या परीक्षांनी त्याची खात्री करून घ्यावी.

पहिली परीक्षा पांढऱ्या बादलीची. बोअर पाच मिनिटे चालू ठेवून मग ताजे पाणी प्लॅस्टिकच्या पांढऱ्या बादलीत भरावे. चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकून ढवळावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पाणी पिवळट-तांबूस झाले आणि तळाशी साका बसला, तर पाण्यात लोखंड आहे. हौद भरण्याआधीच ही परीक्षा केली, तर पुढचा सारा त्रास वाचतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोखंड असले, की कपड्यांवर आणि फरशीवर डाग पडू लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. म्हणजे डाग पडायला लोखंड किती थोडे पुरते बघा!

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. गच्चीवरची काळी धूळ कागदावर झाडून घ्यावी. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून धुळीवरून फिरवावा. कण उडून चिकटले, तर हौदात वरूनही लोखंड पडते आहे हे नक्की.

तिसरी परीक्षा क जीवनसत्त्वाची. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या तीन-चार गोळ्या कुटून पांढऱ्या फडक्यात पुरचुंडी बांधावी आणि ती डागावर मिनिटभर दाबून धरावी. पुरचुंडी उचलल्यावर तेवढी जागा उजळ दिसली, तर डाग लोखंडाचा. गंजलेला कपडा लिंबाने उजळतो किंवा तांब्याचे भांडे चिंचेने लख्ख होते, ते याच तऱ्हेने. आंबट पदार्थ धातूवरचा गंज विरघळवतो. पाण्यात क्लोरीन भरपूर असेल, तर ते गोळीचा प्रभाव मारते. म्हणून ही परीक्षा पावडर टाकल्यावर लगेच करू नये.

चौथी परीक्षा व्हिनेगरची. पाण्याबाहेरच्या पांढऱ्या थरावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे येऊन फसफसले, तर थर चुन्याचा आहे.

पाचवी परीक्षा ब्लीचिंग पावडरची आणि तीही शेवटीच, क जीवनसत्त्वाने काही फरक पडला नाही तरच करावी. पावडरीचे थोडे पाणी फडक्यावर घेऊन कोपऱ्यातल्या दुसऱ्या डागावर लावावे. डाग फिकट झाला, तर तो पानाफुलांचा किंवा शेवाळाचा. हा क्रम मुद्दाम सांगितला आहे. डाग लोखंडाचा असताना आधी पावडर लावली, तर तो आणखी पक्का होतो. गोळ्यांची पुड आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एकत्र करू नये. दोन्हींचा एकमेकांशी संयोग होऊन ते एकदम तापतात.

लोखंडाचा डाग काढताना

प्रथम हौदात पाणी किती आहे, हे काढावे. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून तिघांचा गुणाकार करावा आणि त्याला १,००० ने गुणावे. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल हौदात २१,६०० लिटर पाणी मावते.

क्लोरीन टाकणे थांबवावे. कडक उन्हात ते दोन-तीन दिवसांत उतरते. या काळात आणि पुढचे क्लोरीन भरेपर्यंत मुलांना हौदात उतरू देऊ नये, कारण क्लोरीनविना पाण्यात जंतूंना मोकळे रान मिळते. पाण्याचा सामू ७.२ च्या आसपास असावा. तो रंगपट्टीने घरीच पाहता येतो.

मग दर १,००० लिटरमागे साधारण १२ ग्रॅम या हिशेबाने क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड घ्यावे. वरच्या हौदाला सुमारे २६० ग्रॅम लागेल. ते बादलीभर पाण्यात विरघळवून पंप चालू ठेवून कडेकडेने ओतावे. काही तासांतच डाग विरघळताना दिसतात. जे उरतील त्यांवर नायलॉनच्या ब्रशचा हलका हात फिरवावा. तारेची घासणी कटाक्षाने टाळावी. तिचे तुकडे तळाशी राहून गंजतात आणि नवे ठिपके पाडतात.

डाग दिसेनासे झाले, की काम संपले असे वाटते, पण इथेच बहुतेकांची चूक होते. लोखंड हौदातून गेलेले नसते, ते पुन्हा पाण्यात विरघळलेले असते. लगेच भरपूर ब्लीचिंग पावडर टाकली, तर तेच डाग नव्याने बसतात. म्हणून एक तर धातूला पाण्यातच धरून ठेवणारे रसायन टाकावे. ते हौदाचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळते आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकावे लागते. नाही तर पाण्याचा एक हिस्सा काढून बागेला द्यावा आणि त्या जागी बादलीच्या परीक्षेत उतरलेले पाणी भरावे. त्यानंतर क्लोरीन थोडे थोडे वाढवत न्यावे. चांगल्या प्रतीच्या ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. म्हणजे २१,६०० लिटरला एका लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायला अंदाजे ६५ ग्रॅम पावडर पुरते. पाण्यात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन टिकू लागले, की मुलांना हाक मारायला हरकत नाही.

चुना, तेल, पाने आणि मोरचूद

चुन्याचा थर टाइलवर ताजा असेल, तर व्हिनेगरने भिजवलेले फडके अर्धा तास ठेवून ब्रशने घासावे. जुना थर ओल्या प्यूमिस दगडाने अलगद सुटतो, पण फायबरच्या किंवा प्लॅस्टिकच्या अस्तराच्या हौदावर दगड चालवू नये. सामू ७.८ च्या वर गेला, की चुना भराभर बसतो. तो ७.२ ते ७.६ ठेवला, तर थर फारसा धरत नाही. इथल्या जड पाण्यात ब्लीचिंग पावडर वर्षानुवर्षे टाकल्यानेही चुन्याची भर पडत जाते, कारण ती पावडर मुळात चुन्यापासूनच बनते.

तेलकट पट्ट्यावर खाण्याचा सोडा ओल्या स्पंजवर घेऊन घासावा. त्याहून सोपे म्हणजे डोक्याला तेल चोपडलेल्या मंडळींना आधी न्हाणीघरात पाठवावे.

पाने, फुले आणि जांभळांचे डाग तेवढे क्लोरीनला दाद देतात. कचरा काढून टाकावा, संध्याकाळी नेहमीपेक्षा थोडे जास्त क्लोरीन द्यावे आणि ब्रश फिरवावा. काळे शेवाळ चिवट असते. आधी जोरात घासून त्याचे आवरण फोडावे आणि मग क्लोरीन द्यावे, नाही तर ते वरवर मरते आणि खालून पुन्हा उगवते.

शेवाळावर मोरचूद टाकण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. प्रमाण चुकले, तर निळसर-हिरवे डाग पडतात आणि गोऱ्या केसांनाही हिरवट छटा येते. पोहण्याच्या हौदात तो अंदाजपंचे टाकूच नये. पडलेला डाग लिंबूसत्वाने, म्हणजे सायट्रिक ॲसिडने काही प्रमाणात उतरतो.

ॲसिडच्या बाटलीपासून सावध

संडास धुण्यासाठी मिळणारे ॲसिड ओतून हौद घासून घेण्याचा मोह अनेकांना होतो. या ॲसिडने डागाबरोबर गिलाव्याचा वरचा पापुद्राही जातो. मग पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचे डाग अधिक घट्ट धरतात. पण खरा धोका वेगळाच आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले, की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने रिकाम्या हौदाच्या तळाशी साचतो आणि नेमका तिथेच वाकून काम करणारा माणूस असतो. खोकला, डोळ्यांची आग, श्वास कोंडणे अशी लक्षणे दिसताच त्याने ताबडतोब वर मोकळ्या हवेत यावे आणि त्याला दवाखान्यात न्यावे. आत अडकलेल्याला वाचवायला दुसऱ्याने तसेच उतरू नये.

म्हणून ॲसिडने धुण्याचे काम जाणकार माणसाकडूनच, हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखवटा वापरून करून घ्यावे. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. मजूर लावलात, तर त्याच्या हाती बाटली देऊन घरात निघून जाऊ नका. त्याच्या जिवाची जबाबदारी आपलीच असते. पावसाळ्यात तर हौद रिकामा करूच नये. भोवतालच्या जमिनीतले पाणी चढलेले असते आणि त्याच्या खालून येणाऱ्या दाबाने रिकामा हौद तडकू शकतो, प्रसंगी उचललाही जातो.

डाग पडूच नयेत म्हणून

बोअरचे पाणी थेट हौदात सोडण्याऐवजी आधी वेगळ्या टाकीत उंचावरून, झारीसारख्या धारांनी पडू द्यावे. हवा लागल्याने लोखंडाचा गंज तिथेच होतो. रात्रभर थांबून वरचे निवळलेले पाणी वाळूच्या गाळणीतून हौदात घ्यावे. आकाशातून येणाऱ्या लोखंडावर उपाय म्हणजे झाकण. रात्री आणि पोहणे नसताना हौदावर ताडपत्री घट्ट ताणून बांधावी. मात्र घरात लहान मुले असतील, तर नुसत्या ताडपत्रीवर विसंबू नये. हौदाला कुंपण आणि कडी हवीच. सकाळी तळाचा गाळ पाइपने ओढून काढावा. धुळीचे कण गंजायच्या आत निघाले, तर ठिपका पडतच नाही.

वर्षातून एकदा पाणी तपासून घ्यावे. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याची तपासणी होते. लोखंड, मँगनीज, जडपणा आणि सामू ही चार माणके मुद्दाम मागून घ्यावीत.

आपल्याकडे हौद नाही, मग हे सारे कशाला वाचायचे, असे काही वाचकांना वाटेल. पण बाथरूमच्या टाइलवरचा तांबूस ओघळ, पांढऱ्या कपड्यांवर उमटणारे पिवळे ठिपके, गीझरमधला पांढरा खडा आणि गच्चीवरच्या टाकीच्या तळाचा लाल गाळ, ही सारी याच कुटुंबातली भावंडे आहेत. पांढऱ्या बादलीची आणि लोहचुंबकाची परीक्षा तिथेही तितकीच खरी ठरते. पांढरे कपडे धुताना मळ निघत नाही म्हणून आपण ब्लीच वाढवत जातो आणि कपडा आणखी पिवळा होतो. त्यामागचे कारणही हेच असू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी डाग दिसला, की लगेच पदर खोचून घासायला बसू नका. दोन मिनिटे तो नीट पाहा, क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पुरचुंडी त्यावर धरा. डागाने आपले नाव सांगितले, की त्याचा उपाय बहुधा स्वयंपाकघरात नाही तर औषधांच्या कपाटातच सापडतो. हौदातले वीस हजार लिटर पाणी वाचते आणि सुट्टीला आलेली भाचरे दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा पाण्यात धुमाकूळ घालू लागतात.